करपा बुरशीने येतो, विटाळाने नव्हे



गेल्या वर्षावासातली गोष्ट. रोहा तालुक्यातील एका गावी शनिवारी रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. पेणला कचेरी सुटल्यावर मी संध्याकाळची रोह्याची गाडी धरली. कासू गेले, नागोठणे गेले. रुळांच्या दोन्ही अंगांना खाचरे हिरवीगार डोलत होती. श्रावण सरत आला होता. पीक पाहून मन भरून येत होते.

विहारात त्रिसरण-पंचशील, वाचन, सरणत्तय सारे झाले. चहा झाला. बायका पांगू लागल्या तशा एका मावशींनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, “ताई, तुम्ही शिकलेल्या. आमच्या सुनेला चार शब्द सांगा. हिच्यापायी आमचं खाचर गेलं.”

मी विचारले, “काय केलं तिनं?”

“लावणीच्या दिवशी तिची पाळी आली होती. कुणाला बोलली नाही. तशीच विटाळशी खाचरात उतरली. आता बघा जाऊन, सगळ्या पातींवर डाग पडलेत. करपा आलाय. भगत म्हणतो, बांधावर कोंबडा द्यावा लागंल.”

सून भिंतीला टेकून उभी होती. विशीतली मुलगी, बारावी झालेली. मान वर करीत नव्हती. नंतर कळले की आठ दिवस तिला चुलीपाशी येऊ देत नव्हते, आणि तिच्या वडिलांना बोलावून तिला माहेरी धाडण्याचे घाटत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, ओठांवर बावीस प्रतिज्ञा, आणि घरात हे! आपण तर रायगडची माणसे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आणि त्यांचे हजारो सोबती चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही घेऊन मंत्र म्हणत ते ‘शुद्ध’ करून घेतले. आपल्या बापजाद्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे म्हणणारे ते, आणि आपल्या सुनेच्या स्पर्शाने भात करपतो असे म्हणणारे आपण, यांच्यात फरक तो काय?

पण नुसते रागावून भागत नाही, हेही मी चळवळीत इतकी वर्षे काढून शिकले आहे. मावशींच्या खाचरातला करपा खोटा नव्हता. अर्ध्या एकराचे खाचर, त्यावर घराचे वर्षाचे तांदूळ अवलंबून. नुकसान खरे, भीती खरी. अशा वेळी खरे कारण आपण सांगितले नाही, तर खोटे कारण सांगायला भगत बसलेलाच आहे. तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना हेच सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. म्हणून सकाळी मी मावशींना म्हणाले, “चला, आधी खाचर पाहू.”

तीन खाचरे, हात तेच

मी कारकून बाई. वही काढून उभे-आडवे रकाने आखायची सवय. बांधावर बसून मी रकाने आखले आणि सुनेला विचारले, “लावणीला तू कुठे कुठे उतरलीस?”

ती पहिल्यांदाच बोलली. “तिन्ही खाचरांत. सावडीने लावणी होती. आमची दोन, शेजारच्या काकांचं एक. सगळं एकाच दिवशी.”

पहिले खाचर घराजवळचे. मोठ्या आंब्याच्या सावलीत. तिथे करपा भरपूर. पातींवर डोळ्याच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते डाग, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. दुसरे खाचरही मावशींचेच, वाणही तोच, पण उघड्यावर. तिथे डाग तुरळक. तिसरे शेजाऱ्यांचे. त्यांनी कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा सुधारित वाण लावला होता. तिथे मोठा डाग शोधूनही सापडेना.

“पण हे बघा, इथंही ठिपके हायत!” मावशी शेजाऱ्यांच्या पातीवर बोट ठेवून म्हणाल्या. होते खरे. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक तपकिरी ठिपके. त्यांच्याकडे आपण पुढे वळू, कारण साऱ्या गोष्टीचे मर्म त्या ठिपक्यांत आहे.

मग मी खताचा रकाना भरायला घेतला. मुलाला विचारले. तो म्हणाला, “घराजवळच्या खाचरात युरिया दोनदा मारला. गोणीत शिल्लक होता. म्हटलं, जवळच आहे, पीक जोरात येईल.”

रकाने भरले आणि उत्तर वहीतच दिसू लागले. तिन्ही खाचरांत एकाच दिवशी त्याच मुलीचे हात. तिच्यामुळे करपा आला असता, तर तिन्हीकडे सारखा यायला हवा होता. तो आला तिथे, जिथे सावली होती, दव उशिरापर्यंत टिकत होते, युरिया जास्त पडला होता आणि वाण रोगाला बळी पडणारा होता. मावशी वहीकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

मुक्कामी परतल्यावर मी कृषी सहायकांना गाठले, शेतीखात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या एका कार्यकर्त्या भाऊंना प्रश्न विचारून भंडावले, आणि महिनाभर मिळेल ते वाचले. मी वाणिज्य शाखेची, विज्ञान दहावीनंतर सुटलेले. पण जे समजले ते इतके विलक्षण आहे की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पातीच्या दारावरची कडी

करपा ही एक बुरशी आहे. आपल्या देशात १९१९ साली तंजावरकडे तिने भाताची मोठी नासाडी केल्याची नोंद आहे. तिचे बीजाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. वाऱ्याबरोबर येतात, पातीवर पडतात. पात ओली असली, म्हणजे झिमझिम पाऊस, दव, ढगाळ हवा असली, की बीजाणू डिंकासारख्या पदार्थाने पातीला चिकटतो आणि काही तासांत त्याला मोड फुटतो. मोडाच्या टोकाशी घुमटासारखी एक काळी गाठ तयार होते. या गाठीत पाणी शिरत राहते आणि आतला दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट होतो. मोटारीच्या चाकात तो दोन-अडीच पट असतो, यावरून अंदाज करा! या दाबाच्या जोरावर बुरशी सुईसारखा खुंट पातीत घुसवते.

आता पात काय करते? आपल्याला वाटते, रोप बिचारे मुकाट उभे आहे. तसे नाही. वनस्पती बाहेरच्या आघाताला प्रतिसाद देतात, त्यांच्यात विजेचे संदेश धावतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रयोगाने दाखवले होते. त्या प्रतिसादाची आतली यंत्रणा शास्त्रज्ञांना गेल्या काही दशकांत उलगडत गेली.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या फिरत्या शिपायांसारख्या अंगभर हिंडतात आणि रोगजंतूंना गाठतात. झाडाला रक्त नाही, फिरता शिपाई नाही. म्हणून झाडाच्या प्रत्येक पेशीलाच स्वतः पहारा करावा लागतो. कोणी त्राता येईल म्हणून वाट पाहत बसण्याची सोय तिला नाही.

पहारा करायचा म्हणजे आधी परका ओळखायला हवा. बुरशीच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. चिंबोरीचे आणि कोळंबीचे कवच कायटिनचेच असते. कोळंबी सोललेल्या प्रत्येक कोकणी बाईच्या बोटांना ते लागलेले आहे. भाताच्या अंगात मात्र कायटिन नसते. तेव्हा कायटिन आढळले की भाताने समजावे, घरात परका आला.

भाताची पेशी बुरशीची भिंत कुरतडणारी द्रव्ये बाहेर ठेवते. त्यांनी कायटिनचे बारीक तुकडे सुटतात. पेशीच्या पडद्यावर एक खास प्रथिन असते, त्याला हे तुकडे जाऊन नेमके बसतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली भातातले हे प्रथिन शोधून काढले. मी त्याला दारावरची कडी म्हणते. कायटिनचा तुकडा बसला की कडी वाजते आणि घर जागे होते.

भगिनींनो, इथे क्षणभर थांबा. भाताला शत्रू ओळखण्यासाठी इतकी अचूक खूण आहे. बुरशीच्या भिंतीचा एवढासा तुकडा तो ओळखतो. पण पाळी आलेल्या बाईची खूण ओळखणारी कडी त्याच्या दारावर नाही. सवर्णाची ओळखणारी नाही, पूर्वास्पृश्याची ओळखणारी नाही. पात चुरगळली तर तिला कळते, पण चुरगळणारा हात कोणाचा याची चौकशी ती करीत नाही.

हाक कशी पोचते

कडी वाजल्यावर काही मिनिटांत पेशीच्या आत कॅल्शियम शिरू लागते. हाच पहिला निरोप. पाठोपाठ पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. दवाखान्यात जखम धुतल्यावर फसफसणारे औषध ते हेच. त्याने बुरशीला त्रास होतो, पेशीची भिंत कडक होते आणि तेच शेजारी निरोपही देते. मग आत प्रथिनांची एक साखळी कामाला लागते. लग्नघरात पाण्याच्या घागरी हातोहात पुढे जाव्यात तसा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो आणि अखेर पेशीच्या केंद्रात पोचतो. तिथे एरवी बंद असलेली जनुके उघडतात.

जनुके उघडली की संरक्षणाची सामग्री तयार होऊ लागते. खुंट घुसतो आहे त्या जागी पेशी आतून लिंपण घालते. बुरशीची भिंत विरघळवणारी प्रथिने बाहेर सोडते. बुरशीला विषारी अशी खास द्रव्येही भात बनवतो. ती एरवी पातीत फारशी नसतात, हल्ला झाल्यावरच वाढतात. अशी द्रव्ये वनस्पती तयार करीत असाव्यात असा विचार म्युलर आणि बर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी बटाट्यावरच्या प्रयोगांतून १९४० सालीच मांडला होता.

हा सारा खर्च रोप आधीच का करून ठेवत नाही, असा प्रश्न मला पडला. उत्तर माझ्याच विषयातले निघाले. जमाखर्च! संरक्षणाला लागणारी शक्ती दाण्यातून वजा होते. रोप सदासर्वकाळ लढाईच्या तयारीत राहिले तर पीक घटते. म्हणून त्याने पहारा कायम ठेवला आहे आणि मोठा खर्च हाक आल्यावरच करायचा असे ठरवले आहे.

आता त्या बारीक ठिपक्यांकडे वळू. एवढे करूनही बुरशी आत आली, तर घेरलेली पेशी आणि तिच्या लगतच्या काही पेशी आपणहून मरतात. करप्याच्या बुरशीला सुरुवातीला जिवंत पेशीत राहून पोसायचे असते. पेशी मेल्या की तिची वाट अडते. शेजाऱ्यांच्या खाचरात दिसलेले टाचणीएवढे ठिपके ते हेच. तो पसरलेला रोग नव्हे. बुरशी जिथे आली तिथेच अडवली गेली, त्याची ती खूण आहे. मावशींच्या खाचरातल्या पातींना शत्रू वेळेवर ओळखता आला नाही, म्हणून तिथे डाग वाढत जाऊन डोळ्याएवढे झाले.

निरोप एका पानापुरताही राहत नाही. अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी १९६१ साली तंबाखूच्या झाडावर दाखवले की एका पानाला विषाणूची लागण झाली, तर त्याच झाडाची दुसरी निरोगी पाने पुढच्या हल्ल्याला आधीच सज्ज होतात. या सज्जतेत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. डोकेदुखीवरची ॲस्पिरिनची गोळी याच कुळातली. १९७९ साली तर तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचल्यावर त्याची प्रतिकारशक्ती वाढल्याचे दिसून आले! किडीने पान कुरतडले तर वेगळा निरोप जातो, जास्मोनिक आम्लाचा. जाईच्या जातीच्या फुलांच्या सुगंधी तेलात त्याचा भाऊबंद प्रथम सापडला, म्हणून ते नाव. २०१८ साली शास्त्रज्ञांनी एका लहान रोपात कॅल्शियमचा निरोप चमकताना दिसेल अशी सोय करून त्याचे चित्रण केले. अळीने एक पान कुरतडले आणि एक-दोन मिनिटांत निरोपाची लाट दूरच्या पानांत पोचली.

एका पानाला जखम झाली की दुसरे पान जागे होते. आपल्या वस्तीत एका घरावर अन्याय झाला की शेजारचे घर दार लावून घेते, हे आठवून मला लाज वाटली.

बुरशीही बदलते

बुरशीही काही कमी नाही. करप्याची बुरशी आपले एक प्रथिन सोडून कायटिनचे तुकडे स्वतःच गोळा करून घेते, म्हणजे भाताच्या दारावरची कडी वाजूच नये. चोराने पावलांचे ठसे पुसत जावे तसे. शिवाय पेशीत शिरून आतले निरोप बिघडवणारी प्रथिनेही ती सोडते. त्यांना ओळखणारी दुसरी, आतली पहारेकरी प्रथिने काही वाणांत असतात. ज्या वाणाकडे योग्य पहारेकरी आहे तो टिकतो, ज्याच्याकडे नाही तो करपतो. वनस्पतीचे एक जनुक आणि बुरशीचे एक जनुक अशी कुलूप-किल्लीसारखी जोडी असते, हे अमेरिकेतील हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेरा रोगावर काम करून १९४० च्या दशकात दाखवले. आपल्या भारतीय शास्त्रज्ञांनीही टेटेप नावाच्या व्हिएतनामी भातातून करप्याला अडवणारे असे एक जनुक २००५ साली वेगळे केले. ते पुढे पीआय-५४ या नावाने ओळखले गेले.

पण बुरशी बदलते. आज जे कुलूप तिला उघडत नाही ते काही हंगामांनी उघडू शकते. सारे अनित्य आहे, हे वचन खाचरातही लागू पडते. म्हणून सगळ्या गावाने एकच वाण वर्षानुवर्षे लावणे धोक्याचे. चीनच्या युनान प्रांतात १९९८ आणि १९९९ साली हजारो शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणारा चिकट भात आणि प्रतिकारक भात यांच्या ओळी मिसळून लावल्या. चिकट भातावरचा करपा, तो एकटा लावला असता होतो त्या मानाने ९४ टक्क्यांनी कमी झाला. वेगवेगळ्यांनी शेजारी शेजारी राहण्यात सगळ्यांचे रक्षण असते, हे त्या शेतांनी दाखवले.

कारणे अनेक, दोषी एक?

शेतीशास्त्र सांगते की रोग येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बळी पडणारे रोप, रोग आणणारी बुरशी आणि तिला मानवणारी हवा. तिघांतले एक काढून घ्या, रोग थांबतो. आपल्याला हे नवीन का वाटावे? कारणे जुळली की कार्य घडते आणि कारण दूर केले की कार्य थांबते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण विहारात दर वर्षावासात ऐकतो. विहारात ऐकतो आणि बांधावर विसरतो!

अनेक कारणे तपासण्यापेक्षा एकाच्या माथी दोष मारणे सोपे असते. आणि तो माथा नेहमी घरातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाचा निघतो. युरिया मारणारा मुलगा होता, पण विचारणा त्याला कोणी केली नाही. मोठ्या प्रमाणावरही हेच घडते. १९४२ साली बंगालमध्ये भातावर ठिपक्यांची एक दुसरी बुरशी पसरली आणि १९४३ साली तिथे दुष्काळात लाखो माणसे मेली. ती केवळ बुरशीने मेली काय? युद्धकाळातली धोरणे, भडकलेले भाव, साठेबाजी आणि गरिबाच्या हातात धान्य विकत घ्यायला पैसा नसणे, ही कारणे अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात तपशीलवार मांडली. बुरशीवर सगळे ढकलले की माणसे सुटतात. सुनेवर सगळे ढकलले की घर सुटते.

आता कामाचे बोलू. युरिया जास्त पडला की पात लुसलुशीत होते, चूड दाट होतात, आत ओल टिकते आणि करप्याचे फावते. म्हणून नत्र एकदम न देता हप्त्याने आणि मापात द्यावे. करपा दिसू लागल्यावर वरून युरिया मारू नये. बी पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकावे. वर तरंगणारे पोचट आणि रोगट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. मिठागरांच्या पेण तालुक्यात मिठाला काय तोटा?

भाताच्या तुसाची राख वाया घालवू नये. त्या राखेत बहुतांश सिलिका असते. रोप ती शोषून पातीच्या बाहेरच्या थरात साठवते, पात कडक होते आणि बुरशीच्या खुंटाला आत शिरणे जड जाते. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी जी चारसूत्री भातशेती मांडली, तिचे पहिले सूत्र हेच. तुसाची राख रोपवाटिकेत, पेंढा खाचरात. दुसरे गिरिपुष्पाचा पाला, तिसरे मोजून-मापून लावणी, चौथे चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणे. गोळी मातीत खोल जाते, खत पावसाने वाहून जात नाही. चारांपैकी एकही सूत्र कोंबडा मागत नाही.

आणखी एक विनंती. लोंबी बाहेर पडताना करपा मानेवर आला तर लोंबी मोडून दाणे पोचट राहतात. त्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. ती येईपर्यंत वाट पाहू नका. डाग दिसताच पात घेऊन कृषी सहायकांकडे जा. औषध कोणते, किती, हे त्यांना विचारा. दुकानदार देईल ती बाटली आणून उघड्या अंगाने फवारू नका.

बरणीची गोष्ट

त्या घराचे पुढे काय झाले? आंब्याच्या खालच्या फांद्या छाटल्या, युरिया थांबवला, सल्ला घेऊन फवारणी केली. तरी घराजवळच्या खाचराचे पीक निम्म्यावर आले. गेलेले परत येत नाही. कोंबडा मात्र दिला नाही. सून माहेरी गेली नाही. मावशींनी तिची माफी मागितली का? नाही. आपल्याकडे सासू कुठे माफी मागते? पण आश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या समाप्तीसाठी मी पुन्हा गेले, तेव्हा मावशी चुलीपाशी बसल्या होत्या आणि सुनेला म्हणत होत्या, “बियाण्याचं तू बघ गो यंदा. ताईंच्या वहीत लिहिलंय तसं.” मला तेवढे पुष्कळ झाले.

हा लेख इथे संपवता आला असता. पण एक गोष्ट सांगितली नाही तर माझे लिहिणे खोटे ठरेल. रात्री घरी आल्यावर मी मुलीला ही सगळी हकीकत रंगवून सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, मग लोणच्याच्या बरणीला मी चार दिवस हात लावायचा नाही, हे कोण म्हणतं?”

मी म्हणत होते. माझ्या आईने मला सांगितले, मी तिला सांगितले. कधी तपासले नाही. सभांमधून विटाळाविरुद्ध भाषणे केली आणि माझ्याच स्वयंपाकघरात बरणीवर विटाळ बसलेला. लोणच्यावर येणारा पांढरा थरही बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचाच. तो येतो ओल्या चमच्याने, कमी मिठाने, फोडी तेलाखाली न बुडल्याने, नीट न वाळवलेल्या बरणीने. हात कोरडा आणि स्वच्छ असला की झाले, मग तो कोणत्याही दिवशी कोणाचाही असो.

यंदा मे महिन्यात लोणचे मुलीने घातले. मुद्दाम त्याच चार दिवसांत. बरणी अजून फळीवर आहे. लोणचे चांगले मुरले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते वाढते आणि हकीकतही सांगते.

तुमच्याही घरात अशी एखादी बरणी, एखादे खाचर, पापडाचे एखादे वाळवण असेल. वही घ्या, रकाने आखा, तपासा. आणि घरातल्या लेकीसुनांना तो रकाना भरायला सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!